माझ्या नावावरची थुंकी

"काका, रागावणार नसाल तर एक विचारू?" फोनवरची बाई म्हणाली. "तुम्ही पुरुषच आहात ना?"

सकाळचे अकरा, ऐन गर्दीची वेळ. मी बस कंपनीच्या हरवलं-सापडलं खात्यात कारकून आहे, डेपोच्या तळघरात, गेली बावीस वर्षं. काउंटरच्या पलीकडे एक गृहस्थ तोंडाचं बोळकं करून उभे होते. त्यांची कवळी बसमध्ये राहिली होती. लोक बसमध्ये कवळी कशी विसरतात हे मला अजून उमगलेलं नाही, पण विसरतात, वर्षाला चार-पाच तरी, त्यामुळे छत्र्या आणि हेल्मेटांच्या मधे कवळ्यांचा एक वेगळा खण आहे. आमच्याकडे नियम एकच. वस्तू आधी दाखवायची नाही, आधी तीन खुणा विचारायच्या. तिन्ही जुळल्या की वस्तू द्यायची, रजिस्टरवर सही घ्यायची, विषय संपला. मी नुकत्याच त्या गृहस्थांना तीन खुणा विचारल्या होत्या आणि ते म्हणाले होते, "दात आहेत, पांढरे आहेत आणि माझे आहेत." या उत्तरात नेमकं चुकलंय काय, याचा मी विचार करत होतो आणि तेवढ्यात हा फोन.

"हो," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"अहो, नक्की म्हणजे काय! पुरुषच आहे मी!"

आवाज जरा चढलाच. कवळीवाल्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आता तेच मला तीन खुणा विचारणार असं वाटलं.

"मग घोटाळा झालाय," ती म्हणाली. आवाजावरून आता ओळख पटली. हॉस्पिटलातली ती तरुण डॉक्टरीण, जिला आम्ही घरात थुंकीबाई म्हणतो. "तुमच्या नळीतली थुंकी बाईची आहे. आणि ती तुमच्या बहिणीच्या थुंकीशी जुळते. भावंडांची जुळते तशी नाही हं. एकाच माणसाची जुळते तशी. हे आम्ही पत्र पाठवायच्या आधी बघायला हवं होतं, आमचंही चुकलंच. पण काका, तुमची थुंकी कुठंय?"

माझी थुंकी त्या क्षणी माझ्या घशात अडकली होती, पण ते मी बोललो नाही. माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे तिचंच पत्र होतं, काच लावून, सोनेरी चौकटीत. चौकटसुद्धा हरवलेलीच, चार वर्षांत कोणी न्यायला न आलेली. पत्रावर माझं नाव होतं आणि खाली तीन ओळी, की तपासलेल्या तिन्ही जागी तुमच्या आईकडून आलेली जनुकाची प्रत आणि वडिलांकडून आलेली प्रत वेगवेगळी आहे, आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये अशा लोकांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका त्यामानाने थोडा कमी दिसतो. त्याखाली आणखी एक ओळ होती, बारीक अक्षरात, सिगारेट सोडण्याबद्दल. ती चौकटीच्या लाकडाखाली गेली होती. मुद्दाम नाही. चौकटच तेवढी होती.

हे सगळं दादापासून सुरू झालं. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आयुष्यभर दिवसाला दोन सिगारेटी, एक दुपारच्या जेवणावर आणि एक रात्रीच्या, औषध घेतल्यासारख्या. मी वीस. आणि गेल्या वर्षी फुप्फुसात गाठ निघाली ती दादाच्या. फुप्फुसांचे पाच भाग असतात, त्यातला उजवीकडचा एक काढून टाकला. शुद्धीवर आल्यावर दादा मला म्हणाला, "पाच खोल्यांचं घर होतं, एक पाडली. झाडायला तेवढी कमी." मी हसलो, मग खाली जाऊन हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून एकामागून एक तीन ओढल्या. प्रत्येक झुरक्याला वाटत होतं की वरच्या मजल्यावर चुकीचा माणूस झोपवलाय. पार्सल पत्ता चुकून दुसऱ्याच्या दारात जातं ना, तसं. आणि आमच्याबाबतीत तर पत्ता चुकणं अगदी साहजिक होतं, कारण मी आणि दादा दिसतो एकसारखे. लहानपणापासून. नाक तेच, कानाच्या पाळ्या त्याच, डाव्या पायाची करंगळी आत वळलेली तीसुद्धा तीच. फोनवर तर आक्कालाही कळत नाही कोण बोलतंय, ती आधी दोघांनाही झापून घेते आणि मग विचारते, कोण तू? लोक म्हणायचे, दादाची कार्बन कॉपी आहेस रे, आणि मला बरं वाटायचं, कारण दादा देखणा समजला जायचा. ऑपरेशननंतर मात्र मी दाढी करताना आरशात नाकाकडे बघायचो आणि वाटायचं, ही कॉपी किती खोलवर गेली असेल? चेहऱ्यावर थांबली असेल, की मागच्या कार्बनवर उमटत उमटत पार आतपर्यंत?

थुंकीबाई आली ती याच सुमारास, तिच्या अभ्यासासाठी पेशंटच्या भावंडांची थुंकी मागायला. दादाच्या घरी कोचावर बसून तिने आम्हा तिघा भावंडांना समजावलं. शरीरातली प्रत्येक पेशी, म्हणाली, आतल्या मालाचे बारीक बारीक तुकडे खिडकीत धरून दाखवते. बाहेरून पहारेकरी जात असतात, ते बघतात, हे आपलं की परकं, धड की बिघडलेलं. तुकडा धरायला एक चिमटा लागतो. चिमट्यांचा एक जोड आईकडून येतो, एक वडिलांकडून. दोन्ही वेगळे असले तर जास्त प्रकारचे तुकडे धरता येतात. दोन्ही एकसारखेच आले, तर काही तुकडे कधी खिडकीत येतच नाहीत आणि बिघडलेली पेशी गुपचूप बसून राहते. हे चिमटे तीन जागी तपासतात, दादाचे तिन्ही जागी एकसारखे आले होते. "म्हणून झालं असं नाही हं," तिने बजावलं, "सिगारेट ती सिगारेटच. हा आपला मागचा एक छोटा हात." मला ते चटकन कळलं, दादा-आक्काच्या आधी. कारण आमचं खातं दुसरं काय करतं? वस्तू वर धरायची आणि विचारायचं, कोणाची? फक्त नियमाने आम्ही वर धरत नाही, एवढाच फरक.

पण मला त्या दिवशी हसू आलं ते आई-बाबांचं. त्या दोघांचं जन्मात कशावर एकमत झालं नाही. आई खिडकी उघडायची, बाबा लावायचे. आईला चहा उकळलेला हवा, बाबांना नुसता दाखवलेला. पंखा, उशी, रेडिओचा आवाज, आमच्यातलं कोण हुशार, सगळ्यावर दोन मतं. बाबा गॅलरीत सिगारेट ओढत उभे असले की आई आतून दाराला कडी घालायची आणि ते पुढची पेटवायचे, कारण बाहेर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सत्त्याऐंशीव्या वर्षी पेपर वाचता वाचता खुर्चीत गेले, कधी साधा खोकला नाही. अशा नवराबायकोत एक जोड, नेमका एकच, सारखा निघावा आणि दोघांनीही तोच उचलून थोरल्याला द्यावा! दादा म्हणाला, "बघा, माझ्या बाबतीत त्यांचं एकमत होतं." आक्का म्हणाली, "लाडका ना तू." आणि मी मनात गणित करत होतो. थुंकीबाईने सांगितलं होतं, तुमच्या आईवडिलांकडे बघता प्रत्येक भावंडाला दादासारखं होण्याची शक्यता चारात एक. चारात एक म्हणजे काही फार नाही. पण मग पायाची करंगळी आठवली.

नळ्या पोस्टाने आल्या. एक माझ्या नावाची, एक आक्काच्या. खुणेच्या रेघेपर्यंत थुंकी भरायची, झाकण दाबायचं, चार वाजता माणूस न्यायला येणार. अट एवढीच की आधी अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, ओढायचं नाही. मी दोन वाजता आक्काकडे जाऊन बसलो. विसाव्या मिनिटाला बघतो तर हातात सिगारेट, पेटलेली. कधी पेटवली ते मला आजही सांगता येणार नाही. पुन्हा घड्याळ लावलं. पंचविसाव्या मिनिटाला आक्काने स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का रे?" आणि मी "होतंय" म्हणालो ते धुरातून. तिसऱ्यांदा मी पाकीट कपाटावर ठेवलं आणि स्टुलावर चढून काढलं. पावणेचार वाजले. आक्का हात पुसत बाहेर आली, मला बघितलं, नळीला बघितलं आणि म्हणाली, "दे इकडे."

आमच्या घरात या दोन शब्दांवर सगळं चालत आलंय. माझा शाळेतला गृहपाठ आक्काने केला, माझी चित्रं तिने रंगवली, नोकरीचा अर्ज तिच्या अक्षरातला, बँकेचे फॉर्म तिचे, माझी सहीसुद्धा ती माझ्याहून चांगली करते, एकदा बँकेने माझीच सही परत पाठवली होती. लग्न तेवढं तिला माझ्या वतीने करता आलं नाही, म्हणून ते राहून गेलं. तेव्हा नळी तिच्या हातात देताना मला जराही वावगं वाटलं नाही. फॉर्मच होता तो एक, फक्त ओला. तिने दोन्ही नळ्या पाच मिनिटांत भरल्या. दिवसभर बोलणारी बाई, थुंकी तयारच असते.

आणि पत्र आलं. तिन्ही जागी वेगवेगळ्या प्रती. ते वाचताना मी हे साफ विसरलो होतो की नळीत मी नव्हतोच. खरंच विसरलो होतो का? बसमध्ये कवळी विसरणाऱ्यांना मी नेहमी हाच प्रश्न विचारतो, अहो, पण विसरलात कसे, आणि ते जसे बघतात तसंच बहुधा मीही बघितलं असतं. दादाच्या आजारपणापासून चोरून ओढत होतो, तो पंधरा दिवस राजरोस ओढायला लागलो. कोणी नाक मुरडलं की भिंतीकडे बोट. डेपोतले ड्रायव्हर येऊन पत्र वाचून जायचे. एकाने विचारलं, असं पत्र कुठे मिळतं? पहिल्यांदाच कुणी मला दादाहून वेगळं म्हटलं होतं, लेखी, आणि मी त्या वेगळेपणावर पाकिटंच्या पाकिटं ओढली.

"काका, ऐकताय ना?" फोन म्हणाला. "आज तीनला याल? उद्या मशीन लागणार, मग पुढच्या वर्षीच. आणि या वेळी माझ्यासमोर. अर्धा तास आधी काहीही नको."

फोन ठेवला. कवळीवाले अजून उभेच होते. त्यांनी थोडा विचार करून एक खूण काढली होती, की डाव्या बाजूला ती जरा टोचते. माझं लक्ष अजून फोनमध्येच होतं, नियम विसरून बरं म्हणून मी खणातली मधली कवळी काढली, धुऊन दिली. त्यांनी तोंडात घातली, दोनदा चावून बघितलं, हसले. फार छान हसले.

"ही माझी नाही," ते म्हणाले, "पण बसते मस्त. चालेल मला."

"अहो, चालेल काय! दुसऱ्याची आहे ती."

"तो कुठे आलाय न्यायला?"

मी हात पुढे केला आणि तसाच धरून राहिलो. त्यांच्या मागे भिंतीवर चौकट चमकत होती. बावीस वर्षांत मी माणसं परत पाठवली होती, एका छत्रीच्या दांड्याचा रंग चुकला म्हणून, हेल्मेटवरचा ओरखडा दुसऱ्या बाजूला निघाला म्हणून. आणि माझ्याच काउंटरच्या मागे, माझ्याच खिळ्यावर, दुसऱ्याची वस्तू. मस्त बसते म्हणून. कवळीवाल्यांनी कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती ओली आणि कोमट होती आणि मला कसंतरी झालं, किळस नाही, कोणी आपल्याला ओळखलं की होतं तसं.

अडीचला हॉस्पिटलच्या बाकावर बसलो. आक्का डावीकडे. उजवीकडे दादा, त्याची तपासणी त्याच दिवशी होती, शिवाय असलं काही तो चुकवत नाही. समोर मोठं घड्याळ. खिशातल्या पाकिटाचा चौकोन छातीला लागत होता. आत अकरा होत्या, मला न मोजता कळतं.

"तूच माझी थुंकी दिलीस," मी आक्काला म्हटलं.

"तू देईपर्यंत उजाडलं असतं. आणि मला वाटलं, भावंडंच आपण, थुंकी काय, घरचीच."

"ही बाई म्हणते मी पुरुष आहे का?"

"आता तरी ठरव बाबा," दादा म्हणाला आणि हसला. त्याचं हसू हल्ली अर्ध्यात थांबतं, एक श्वास घेतं आणि उरलेलं पुरं करतं. त्या मधल्या श्वासाची मला सवय होत नाही. जिना चढताना त्यात आणखी एक भर पडते. नकळत मी त्याच्याबरोबर श्वास घेत होतो, तो थांबला की थांबत होतो. लहानपणी पाण्याच्या टाकीमागे आम्ही पहिली सिगारेट अशीच ओढली होती, एक झुरका त्याचा, एक माझा, आणि धूर कोणाचा लांब जातो ते बघत होतो. माझा जायचा.

दहा मिनिटं झाली. जीभ टाळूला चिकटली. हात आपोआप खिशाकडे गेला आणि आक्काने त्यावर फटका मारला, डोळे घड्याळावर ठेवूनच.

"आक्का," मी हळू म्हटलं, "दादासारखं निघालं तर?"

आक्का गप्प, ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ असेल. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "त्या दिवशी मला सगळं दिसत होतं. तीनदा पेटवलीस. तलफ होती म्हणून नाही. तुला ती नळी भरायचीच नव्हती. मला वाटलं, जाऊ दे, घाबरलाय पोरगा, माझं चांगलं निघालं तर त्याच्या नावावर राहू दे."

"पोरगा चोपन्न वर्षांचा आहे," दादा म्हणाला.

"तू गप्प रहा. तुझ्या वेळी मला काही भरून देता आलं नाही."

समोरून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली, तिचं एक चाक तिरकं फिरत होतं. मी त्या चाकाचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकला, आणि बघतो तर घड्याळात बावीस मिनिटं झाली होती. वीस आणि पंचवीसच्या मधलं हे ठिकाण मी जागेपणी कधी पाहिलंच नव्हतं. तसं काही खास नव्हतं तिथे. थोडा घाम होता, दोन्ही बाजूंनी एकेक खांदा होता.

तीन वाजता थुंकीबाईने आत घेतलं. नळी हातात दिली आणि माझं तोंड वाळवंट झालं. तिने सांगितलं, लिंबू आठवा. मी लिंबू आठवलं. काही नाही. आक्का दारातून ओरडली, "अरे, नुसतं लिंबू नको, कापलेलं आठव!" दादाने कापलेलं लिंबू चोखल्याचा असा काही आवाज काढला की शेजारच्या खोलीतला एक पेशंट बघायला आला, आणि मला हसू फुटलं, हसताना तोंडाला पाणी सुटलं आणि मी थुंकलो. रेघेच्या वर गेलं. थुंकीबाईने चिठ्ठी पुढे केली, "नाव लिहा." मी सवयीने पेन आक्काकडे धरलं. आक्काने दोन्ही हात पाठीमागे नेले. मग मीच लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट आहे हे मला माहीत नव्हतं.

"निकाल कधी?" मी विचारलं.

"सहा आठवडे."

"आणि वेगवेगळ्या निघाल्या तर?"

"तर थोडं बरं. पण काका, दिवसाला वीस म्हणजे तुम्ही त्या बिचाऱ्या चिमट्यांच्या खिडकीसमोर रोज शेकोटी करताय. एकसारख्या निघोत नाहीतर वेगळ्या, मी तुम्हाला सांगणार तेच."

"मग सहा आठवडे काय करू?"

तिने नळी हलवली, उजेडात धरली. "अर्धा तास अजून चालू आहे असं समजा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आक्का तळघरात आली, पहिल्यांदाच. काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "माझं पत्र दे."

"वस्तू आधी दाखवता येत नाही," मी म्हटलं. "तीन खुणा सांग."

"थुंकी माझी, तब्येत माझी," ती म्हणाली, "आणि भाऊ माझा. दे इकडे."

मी चौकट खिळ्यावरून काढली. पत्र बाहेर ओढलं तेव्हा लाकडाखालची बारीक ओळ दिसली, ती आक्काने तिथल्या तिथे मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा. रजिस्टरवर तिची सही घेतली. पहिल्यांदाच तिने माझ्यासमोर स्वतःची सही केली, आणि ती इतकी वेडीवाकडी होती की मला माझीच वाटली.

पाकीट मी त्याच दिवशी जमा करून घेतलं. सापडलेली वस्तू, पाकीट एक, आत अकरा, मालक अज्ञात. कवळ्यांच्या खणात ठेवलंय, चिठ्ठी बांधून. त्याच्या तिन्ही खुणा मला पाठ आहेत आणि रोज चार-पाचदा मी काउंटरच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. पण अलीकडच्या बाजूला द्यायला कोणी नसतं. आज तेविसावा दिवस, अर्धा तास चालू आहे.